क्लच, कसारा घाट आणि रात्रीचा अप्पर : नव्याने गाडी हातात घेणाऱ्यांसाठी

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका ताईंनी विचारलं आहे : "वय ३८. ड्रायव्हिंग स्कूलला शिकले, पक्कं लायसन्स मिळालं, घरी पेट्रोलची छोटी गाडी आहे. पण सिग्नलला गाडी बंद पडते आणि मागून हॉर्न सुरू झाले की हातपाय गळतात. डाव्या बाजूचा अंदाज येत नाही. सासर निफाडचं, तिथून रात्री परतताना समोरच्या गाडीच्या अप्परने, म्हणजे वर रोखलेल्या दिव्यांनी, काही दिसत नाही. राखीपौर्णिमेला मुलांना घेऊन स्वतः गाडी चालवत ठाण्याला भावाकडे जायचं आहे, पण पावसातला कसारा घाट झेपेल का? आणि २१ वर्षांचा भाचा ड्रायव्हर व्हायचं म्हणतोय, त्याला बॅज लागतो का, हे काम धरावं का?"

ताई, आधी या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी असलेली गोष्ट सांगतो. नाशिकहून टुरिस्ट गाडी चालवण्यात आणि नंतर नव्या लोकांना शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. नवा माणूस अडतो तो बहुतेक वेळा नजरेमुळे. बोनेटच्या पुढचा दहा-बारा फूट रस्ता बघत तो गाडी चालवतो. त्यामुळे खड्डा, रिक्षा, सिग्नल सगळं त्याच्या अंगावर एकदम येतं आणि पाय दचकतो. नजर लांब टाकली की तीच रिक्षा आठ-दहा सेकंद आधी दिसते आणि पायाला घाई उरत नाही. तुमच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नात हे पुन्हा येणार आहे.

आता क्लच. सगळ्यात आधी सीट बघा. नवे लोक, विशेषतः उंची कमी असलेले, सीट इतकी पुढे घेतात की गुडघा स्टेअरिंगखाली अडकतो आणि क्लच हळू सोडताच येत नाही. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघ्यात थोडा वाक उरला पाहिजे, इतकंच अंतर ठेवा. रस्ता नीट दिसत नसेल तर सीट वर घ्या, पुढे नको. पायात पातळ तळव्याची चप्पल किंवा बूट हवा, आणि चप्पल असेल तर मागे पट्टा असलेली.

मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी अंबड किंवा सातपूर एमआयडीसीतला रिकामा, सपाट रस्ता गाठा, सोबत जाणतं माणूस घ्या. पहिला गिअर टाका, उजवा पाय एक्सलेटरवर ठेवूच नका. टाच जमिनीला टेकवून क्लच अगदी हळू सोडत या. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो, गाडी किंचित थरथरते आणि सरकायला लागते. तिथे पाय थांबवा. गाडी चार-पाच फूट गेली की क्लच दाबा, ब्रेक लावा, पुन्हा सुरू. अर्धा तास फक्त एवढंच करा. कोर्समध्ये हा सराव पुरेसा होत नाही, कारण तिथे शेजारी बसलेल्या शिक्षकाच्या पायाखालीही क्लच-ब्रेक असतो आणि गाडी बंद पडायची वेळ आली की तोच सावरून घेतो. शिकणाऱ्याच्या पायाला तो पॉइंट कधी कळतच नाही.

सपाटीवर जमलं की चढ. त्यासाठी लांब जायला नको, सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प पुरतो. दुपारी वर्दळ नसताना रॅम्पच्या मध्यावर थांबा आणि हँडब्रेक ओढा. पहिला गिअर टाकून एक्सलेटर थोडा द्या, इंजिन गुणगुणलं पाहिजे, ओरडायला नको. क्लच सोडत या. गाडीचं नाक किंचित वर उचललं गेलं आणि मागचा भाग जरासा खाली बसला असं वाटलं की गाडीने जोर धरला. आता दोन्ही पाय तसेच ठेवून हँडब्रेक सोडा. गाडी मागे तसूभरही सरकत नाही. हे एकदा बसलं की उड्डाणपुलाच्या चढावर किंवा घाटातल्या जॅममध्येही तुम्हाला धास्ती राहणार नाही. मात्र हाफ क्लचवर गाडी तोलून उभी ठेवायची सवय लावून घेऊ नका. क्लच प्लेट जळते, आणि तो खर्च मोठा असतो.

सिग्नलला बंद पडण्याचं कारण तर तुम्हीच लिहिलंय : मागचे हॉर्न. हॉर्न वाजला की डावा पाय एकदम उचलला जातो आणि गाडी बंद. मागच्याला दोन सेकंद उशीर झाला म्हणून काही होत नाही. गाडी बंद पडली तर ब्रेक, क्लच, न्यूट्रल, स्टार्ट, पहिला गिअर, याच क्रमाने, घाई न करता. आणि इथेही नजर. सिग्नलचे उलटे आकडे दिसत असतील तर पाच उरले की क्लच दाबून गिअर टाकून तयार राहा. हिरवा लागल्यावर शोधाशोध नको.

डाव्या बाजूच्या अंदाजाला एक सोपा उपाय आहे. गाडी मोकळ्या जागी उभी करा. डाव्या पुढच्या चाकाच्या बाहेरच्या कडेला लागून, पुढे पंधरा-वीस फूट, खडूने सरळ रेघ मारा. आता आपल्या सीटवर बसून ती रेघ कुठे दिसते ते बघा. बऱ्याच छोट्या गाड्यांत ती बोनेटच्या साधारण मध्यावर येऊन मिळते, म्हणजे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरीच उजवीकडे. त्या जागी डॅशबोर्डवर टिकलीएवढी खूण चिकटवा. रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी त्या खुणेपाशी आली की चाक पट्टीवर आहे असं समजा. महिनाभरात खुणेची गरज उरणार नाही. डावा आरसाही तपासा. त्यात स्वतःच्या गाडीची अगदी बारीक कड दिसावी, बाकी सगळा रस्ता. अनेकांच्या आरशात अर्धी स्वतःचीच गाडी असते.

शहरातल्या गर्दीबद्दल थोडक्यात. मुंबई नाका किंवा द्वारका हे चौक सुरुवातीला गर्दीच्या वेळी टाळा. सकाळी सातच्या आत दोन-चारदा फिरून या म्हणजे कोणता रस्ता कुठे फुटतो ते डोक्यात बसेल. सर्कलमध्ये आधीपासून असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं असतं. सगळे पाळत नाहीत, तुम्ही पाळा. रिक्षावाला हात दाखवेलच असं नाही, म्हणून रिक्षाच्या पुढच्या चाकाकडे बघा, ते वळलं की रिक्षा वळणार. कडेला उभ्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर डोकं दिसलं तर दार उघडू शकतं, तीन फूट सोडून जा. आणि निमाणीजवळ किंवा कुठल्याही थांब्यावर सिटीलिंकची बस उभी असेल तेव्हा बसच्या खालून पलीकडे बघा. पावलं दिसतात. बसच्या पुढून अचानक बाहेर येणारं शाळेचं पोर त्या पावलांवरून तुम्हाला आधीच कळतं. हे मी प्रत्येक शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी दाखवतो.

रात्रीच्या प्रश्नावर जरा थांबतो, कारण निफाड, पिंपळगाव, लासलगाव हे आपल्याकडचे रात्रीचे सगळ्यात सांभाळून जायचे रस्ते आहेत. अप्परचा त्रास खरा आहे, पण त्याहून मोठा धोका त्या उजेडामागे लपलेल्या ट्रॉलीचा असतो. कांद्याने भरलेली ट्रॉली, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर असला तरी चिखलाने माखलेला, ट्रॅक्टर पंधरा-वीसच्या वेगाने चाललेला. द्राक्षांच्या हंगामात पिकअप, ऊसतोडणीच्या दिवसांत बैलगाड्या. समोरून अप्पर आला की तुमच्या डोळ्यांपुढे दोन-तीन सेकंद अंधारी येते आणि नेमकी त्याच वेळी ट्रॉली पुढ्यात असते.

थोडा हिशेब करा. ताशी ६० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच संपले. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी २० मीटर. झाले ४५. आणि डिपरवर, म्हणजे दिवे खाली वळवलेले असताना, तुम्हाला स्पष्ट दिसतं ते साधारण ४०-५० मीटरच. म्हणजे डिपरवर ६० ही शेवटची मर्यादा झाली, आणि पाऊस असेल तर तेही जास्त. रात्री वेग आपल्या उजेडाच्या आत ठेवायचा. रस्ता मोकळा आहे म्हणून ८० धरणाऱ्याला ट्रॉली दिसते तेव्हा त्याच्या हातात काही उरलेलं नसतं.

समोरून अप्पर आला तर त्याच्या दिव्यांत बघू नका. नजर डावीकडे, रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर न्या आणि एक्सलेटरवरून पाय काढा. एकदा दिवे वरखाली करून खुणावा. तो ऐकत नसेल तर तुम्हीही अप्पर लावून सूड घेऊ नका. मग दोघेही आंधळे होतात आणि मधला सायकलवाला मरतो. पुढची काच आतून पुसता का? बहुतेक लोक फक्त बाहेरून पुसतात. आतल्या बाजूला जो तेलकट थर बसतो तो समोरचा प्रकाश काचभर पसरवतो. कोरड्या स्वच्छ फडक्याने आठवड्यातून एकदा आतून पुसा, फरक त्याच रात्री कळेल. डिकी भरलेली आणि मागे तीन माणसं असली की तुमच्याही गाडीचा उजेड वर उचलला जातो. स्टेअरिंगजवळ शून्य ते तीन आकड्यांची चकती असेल तर ती दोनवर करा, समोरच्याला त्रास होणार नाही.

आता ठाणे. पाथर्डी फाटा, विल्होळी, वाडीवऱ्हे, गोंदे, घोटी, इगतपुरी आणि मग कसारा घाट. तुमच्यापुढे दुसराही रस्ता आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ पासून सुरू आहे. इगतपुरीजवळून त्यावर चढलात तर जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून घाट टाळून भिवंडीच्या अलीकडे उतरता. पहिल्याच वेळी, पावसात, मुलांसोबत जाताना मी तुम्हाला हाच रस्ता सुचवीन. फक्त समृद्धीवर सपाट भागात १२० ची मुभा आहे म्हणून १२० धरायचं नाही. डावीकडच्या लेनमधून ८० ने चला, उजवी लेन ओव्हरटेकपुरती. बोगद्यात हेडलाइट लावा, गॉगल काढा, पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा. मध्येच थांबायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच. निघण्यापूर्वी टायर गार असताना हवा तपासा. सिमेंटच्या रस्त्यावर सलग वेगात टायर तापतो आणि कमी हवेचा टायर जास्त तापतो. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात : २३२१ असेल तर २०२१ सालच्या २३व्या आठवड्यातला टायर. सहा वर्षांपुढचा असेल तर नक्षी कितीही चांगली दिसो, त्यावर लांब जाऊ नका.

तरी घाट शिकून ठेवाच. समृद्धीवर कधी अडचण आली तर घाटच उरतो, आणि वणीच्या गडावर जायलाही तीच विद्या लागते. जुन्या ड्रायव्हर लोकांचा नियम आहे : ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. तुमच्या गाडीला उतारावर तिसरा, तीव्र वळणांना दुसरा. एक्सलेटरवरून पाय काढला की इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेकवरचं ओझं निम्मं होतं. ब्रेकवर सतत हलका पाय ठेवून उतरणं सगळ्यात वाईट. ब्रेक तापतात, करपल्यासारखा वास येतो आणि मग पेडल दाबलं तरी गाडी पूर्वीसारखी थांबत नाही. वेग वाढला की ठामपणे ब्रेक दाबायचा, वेग उतरवायचा, पाय पूर्ण काढायचा. वळणाचा ब्रेक वळणाच्या आधी. वास आलाच तर सुरक्षित जागी बाजूला घेऊन ब्रेक आपोआप गार होऊ द्या, त्यांच्यावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होते.

न्यूट्रल करून घाट उतरवायचा सल्ला तुम्हाला नात्यातला कोणीतरी नक्की देईल, पेट्रोल वाचतं म्हणून. ऐकू नका. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना एक्सलेटर सोडला की इंजिन पेट्रोल घेणं जवळपास बंदच करतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतं. म्हणजे वाचत तर नाहीच. आणि कोणी चावी फिरवून इंजिन बंद केलं तर दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखं घट्ट होतं, स्टेअरिंग जड होतं.

कसाऱ्यात जायचा आणि यायचा रस्ता एरवी वेगळा आहे, त्यामुळे समोरून गाडी येण्याची धास्ती कमी. खरं सांभाळायचं ते कंटेनर आणि ट्रेलर. भरलेल्या ट्रेलरला ओव्हरटेक करून लगेच त्याच्या पुढ्यात ब्रेक लावू नका, तो तुमच्याइतक्या लवकर थांबूच शकत नाही. त्याच्या बाजूला रेंगाळू नका. एकतर मागे राहा, नाहीतर एका दमात पुढे निघा. त्याचे आरसे तुम्हाला दिसत नसतील तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

श्रावणात घाटात धुकं असणार. धुक्यात अप्पर लावला तर उजेड धुक्यावर आदळून आपल्याच डोळ्यांत परत येतो, म्हणून डिपर. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवायची एक चुकीची सवय आपल्याकडे फार पसरली आहे. ते उभ्या, अडकलेल्या गाडीसाठी असतात. चालत्या गाडीत लावले तर तुम्ही थांबलाय की वळताय हे मागच्याला कळत नाही. काचेवर आतून वाफ धरली तर एसी लावा, हवा पुढच्या काचेवर वळवा आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण चालू ठेवा. फडक्याने पुसत बसू नका, नजर रस्त्यावरून हटते. पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडला की मोजायला लागा, तुम्ही तिथे पोचेपर्यंत कोरड्या रस्त्यावर निदान तीन सेकंद, पावसात निदान पाच सेकंद जायला हवेत. साचलेलं पाणी अर्ध्या चाकाच्या वर असेल तर त्यात शिरायचं नाही, आणि पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्ट मारायचं नाही, ढकलून बाहेर काढायचं. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की गोदाघाटावर गाडी लावूच नका. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी कधी येतं ते बघत बसणाऱ्यांच्याच गाड्या तिथे अडकतात.

मुलांना मागे बसवा आणि बेल्ट लावा. १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर १,००० रुपये दंड आहे. पण दंडाचं सोडा, ६० च्या वेगात गाडी आदळली की मागचं मूल त्याच वेगाने पुढच्या सीटवर येतं. मांडीवर घेतलेलं मूल कोणत्याही आईच्या हातांना धरवत नाही. बेल्ट लावल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही असं एकदा घरात ठरवून टाका, मुलं चार दिवसांत ऐकतात. कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये चालतात. पीयूसी आणि विम्याची तारीख तेवढी बघून ठेवा. हायवेवर गाडी बंद पडली तर शक्य तितकी डावीकडे घ्या, लाल त्रिकोण बराच मागे ठेवा आणि सगळ्यांना गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३, रुग्णवाहिकेला १०८, बाकी कशालाही ११२. परतीचा प्रवास दुसऱ्या दिवशी सकाळीच करा, पहिल्या खेपेला रात्री घाट चढायचा नाही.

शेवटचा प्रश्न भाच्याचा. व्यावसायिक वाहन चालवायला वय २० पूर्ण लागतं, ते त्याचं झालेलं आहे. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहन चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायम केलं. म्हणजे पिकअप किंवा छोट्या टेम्पोसाठी अडचण नाही. पण त्याला रिक्षा किंवा टॅक्सी चालवायची असेल, प्रवासी न्यायचे असतील, तर पेठ रोडच्या आरटीओतून बॅज काढूनच घ्या. मालकही आधी तेच विचारतात.

काम धरावं का? त्याला गाडीची आवड असेल तर जरूर धरावं. हे कसबाचं काम आहे आणि चांगल्या ड्रायव्हरला नाशिकमध्ये काम कमी पडत नाही : शिर्डी, त्र्यंबक, वणीच्या फेऱ्या, कंपन्यांच्या गाड्या, वाइनरी बघायला येणारे पाहुणे. फक्त मालक निवडताना पगाराआधी झोपेचं विचारायला सांगा. दिवसभर शिर्डी-त्र्यंबक फिरवून त्याच रात्री मुंबई विमानतळ गाठायला लावणारा मालक नको. मोटर वाहतूक कामगारांसाठी १९६१ चा कायदा होता, त्यात दिवसाचे आठ आणि आठवड्याचे ४८ तास सांगितले होते; नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान शरीर झोप मागतंच, तेव्हा काच उघडणं, गाणी लावणं, तंबाखू खाणं, कशानेच ती टळत नाही. गेल्या दोन किलोमीटरमधलं काही आठवत नसेल, पापणी जड झाली असेल, गाडी पट्टीवर घासायला लागली असेल, तर पेट्रोल पंपावर किंवा धाब्यावर गाडी लावून चहा प्यायचा आणि वीस मिनिटं डोळे मिटायचे. बंद गॅरेजमध्ये किंवा बंदिस्त बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून, एसी लावून मात्र कधी झोपायचं नाही, धुरातला विषारी वायू वास न येता जीव घेतो. आणि मागे बसलेले साहेब "अजून थोडं ओढ, इगतपुरीला थांबू" म्हणाले, तर त्याने नम्रपणे, पण स्पष्ट सांगावं, "साहेब, वीस मिनिटं झोपतो, मग निघू." असं सांगणाऱ्या ड्रायव्हरला साहेब लोक पुढच्या खेपेला नाव घेऊन बोलावतात, हे मी अनेकदा पाहिलंय.